तुम्ही विचारलेत म्हणून: बॅन्फमध्ये अस्वल नक्की कुठे दिसते?

कॅनडातल्या कॅल्गरीत राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की डोंगरातल्या बॅन्फचा विषय निघतोच, आणि बरोबर मुले असली की आईवडील हमखास विचारतात, ‘अस्वल नक्की कुठे दिसते?’ त्यांना एखाद्या वळणाचे नाव आणि तिथे पोहोचण्याची वेळ हवी असते. माझे उत्तर असे की अस्वल या दरीत कुठेही दिसू शकते आणि नेमके म्हणूनच त्याच्या शोधात फिरू नये. हातात दोन-तीन दिवस असतील तर ते एका गोगलगायीला, पाण्याखाली चालणाऱ्या एका पक्ष्याला, बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला आणि एल्क या मोठ्या हरणाला द्यावेत. हे ऐकून बहुतेकांचे चेहरे उतरतात, म्हणून कारणे सविस्तर सांगतो.

बॅन्फ हे गाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीच्या आत, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, बो नदीच्या दरीत वसलेले आहे. भोवतालचे डोंगर फोटोत कितीही देखणे दिसले तरी त्यांचा वरचा भाग म्हणजे नुसता खडक आणि बर्फ आहे. चारा, पाणी आणि चालायला सोपी जमीन हे सारे दरीच्या तळाशी असते, आणि वसंतात बर्फही आधी तिथलेच वितळते. माणसाने गाव, रेल्वे आणि चौपदरी महामार्ग बांधण्यासाठी हीच चिंचोळी पट्टी निवडली. म्हणजे गावाच्या कडेला एल्क चरताना दिसतो तेव्हा तो माणसाळलेला असतो असे नाही. त्याला जायला दुसरी चांगली जागा नसते. शिवाय लांडगे माणसांच्या वस्तीपासून दूर राहतात, त्यामुळे एल्कच्या दृष्टीने गावाची कड ही सुरक्षित जागा ठरते. एवढी गोष्ट मुलांना आधी सांगितली तर पुढचे सगळे नियम त्यांना आपोआप कळतात आणि ते पाळण्यात मोठ्यांपेक्षा मुलेच कडक निघतात.

ही गोष्ट सांगायला महामार्गाइतकी चांगली जागा नाही. कॅल्गरीहून येताना उद्यानाची हद्द लागली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच जाळीचे कुंपण सुरू होते आणि पुढे मधूनमधून रस्त्यावरून झाडाझुडपांनी भरलेले रुंद पूल जातात. हे पूल फक्त प्राण्यांसाठी आहेत. उद्यानातल्या या महामार्गावर असे ६ पूल आणि ३८ भुयारी मार्ग आहेत, आणि कुंपणासह ही व्यवस्था झाल्यापासून वाहने व प्राणी यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. ग्रिझली (मोठे तपकिरी अस्वल), लांडगा आणि एल्क यांना मोकळे, रुंद पूल आवडतात, तर काळे अस्वल आणि कूगर (मोठे रानमांजर) यांना अरुंद, अंधारे भुयार जवळचे वाटते. नव्या बांधकामावर विश्वास बसायला ग्रिझलींना काही वर्षे लागली. माणसांना या पुलांवर जाण्यास मनाई आहे, त्यामुळे ते गाडीतूनच पाहायचे. मागच्या आसनावरच्या मुलांना पूल मोजायला सांगावे आणि या पुलावरून कोण जात असेल हे त्यांनीच ठरवावे; ‘अजून किती लांब?’ हा प्रश्न तेवढा वेळ बंद राहतो.

पहिल्या दिवशी मी मुलांना ‘केव्ह अँड बेसिन’ येथे न्यायला सांगतो. १८८३ साली रेल्वेच्या तीन कामगारांना हे गरम पाण्याचे झरे सापडले, त्यांच्या मालकीवरून वाद झाला, आणि १८८५ साली सरकारने झऱ्यांभोवतीची जमीन राखीव केली. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांची सुरुवात तिथून झाली. मोठ्यांना हा इतिहास पुरतो. मुलांसाठी तिथे एक गोगलगाय आहे. बॅन्फ स्प्रिंग्ज स्नेल या नावाने ओळखली जाणारी ही जात जगात फक्त सल्फर माउंटनच्या गरम झऱ्यांत आढळते आणि आकाराने ती लिंबाच्या बीएवढी असते. गंधकाच्या वासाचे, प्राणवायू अत्यल्प असलेले पाणी तिला मानवते आणि त्यातल्या शेवाळावर व जिवाणूंच्या थरांवर ती जगते. ती संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. पाण्यात बोट बुडवायलाही बंदी आहे, कारण हाताला लावलेले क्रीम किंवा कीटकनाशक मलम त्या छोट्याशा डबक्याचे संतुलन बिघडवू शकते. झऱ्याच्या काठाशी उकिडवे बसून काळे ठिपके शोधणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना तिथून उठवायला मोठ्यांना बरेच आर्जव करावे लागते. मुलाचा डोळा मुळातच जमिनीजवळ आणि लहान वस्तूंवर असतो. त्याला दूरच्या उतारावरचा तपकिरी ठिपका दाखवून ‘बघ, बघ’ म्हणण्यात मोठ्यांचा उत्साह अधिक असतो.

पहाटेची जागा म्हणजे गावाला लागून असलेली व्हर्मिलियन सरोवरे. बहुतेक प्राणी उजाडताना आणि मावळतीला हालचाल करतात, आणि जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे लहान मुलांसाठी संध्याकाळ बाद होते. मात्र भारतातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांना एक फायदा असतो. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेअकरा तासांचे अंतर असते, म्हणून पहिले काही दिवस सगळे घर पहाटे चारला टक्क जागे असते. त्या जागरणाला दोष देत हॉटेलच्या खोलीत बसण्यापेक्षा स्वेटर चढवून सरोवराशी जावे. पाण्यावर बीव्हर किंवा मस्करॅट पोहताना दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. दोन्ही दुरून सारखेच वाटतात, पण बीव्हर बराच मोठा असतो आणि त्याची शेपूट रुंद व चपटी असते, तर मस्करॅटची शेपूट दोरीसारखी बारीक असून पोहताना ती मागे वळवळताना दिसते. धोका वाटला तर बीव्हर शेपटीने पाण्यावर फटका मारतो आणि त्या आवाजाने बेसावध माणूस चांगलाच दचकतो. ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षीही इथे दिसतो. इथे चालत राहण्याची गरज नाही; एका जागी वीस मिनिटे गप्प बसणे हेच मुख्य काम, आणि मुलांपेक्षा मोबाइल हातात असलेल्या मोठ्यांना ते जड जाते असे माझे निरीक्षण आहे.

जॉन्स्टन कॅन्यन या खोल घळीला सगळेच जातात आणि धबधब्यापाशी फोटो काढून परततात. कड्याला लागून बांधलेल्या कठडेदार वाटेने खालचा धबधबा साधारण सव्वा किलोमीटरवर आहे, त्यामुळे चार-पाच वर्षांचे मूल आरामात पोहोचते. मधल्या प्रवाहात एखाद्या ओल्या दगडावर सतत उठाबशा काढणारा राखाडी, गुबगुबीत पक्षी दिसला तर धबधबा विसरून तिथेच थांबावे. तो डिपर. तो वेगवान, बर्फगार पाण्यात सरळ उतरतो, तळाशी चालतो, दगडाखालच्या अळ्या वेचतो आणि पुन्हा कोरडाठाक असल्यासारखा दगडावर येऊन उठाबशा सुरू करतो. हिवाळ्यातही तो तिथेच असतो. याच घळीच्या कड्यांवर ब्लॅक स्विफ्ट ही दुर्मीळ पाकोळी घरटे करते. वाट सोडून खाली पाण्याशी उतरण्यास मनाई आहे, आणि त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

आता एल्क. हा सांबराच्या कुळातला, तीनशे किलोहून अधिक वजनाचा होऊ शकणारा प्राणी गावाच्या मैदानात निवांत रवंथ करताना दिसतो, म्हणून लोक त्याला गायीसारखा समजतात. गावात खरा धोका अस्वलापेक्षा या गैरसमजाचा अधिक आहे. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत माद्यांची वीण असते. पाडस गवतात लपवलेले असते आणि ते आपल्याला दिसत नसले तरी आई आपल्याला पाहत असते व अंगावर धावून येते. गावाजवळच्या फेनलँडची सोपी, सावलीची, मुलांसाठी उत्तम असलेली वाट कधी कधी याच काळात बंद ठेवतात. फलक दिसला तर हळहळू नये, मागे फिरावे. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नरांचा माजाचा काळ. तेव्हा नर जो आवाज काढतो तो एवढ्या मोठ्या देहातून निघत असेल यावर विश्वास बसत नाही: बारीक, चिरकत वर चढणारी शीळ आणि शेवटी घोगरे हुंकार. तो दूर राहूनही उत्तम ऐकू येतो. एल्क, हरीण आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान ३० मीटर, तर अस्वल, लांडगा, कूगर आणि कोयोटी (लांडग्यासारखा पण लहान प्राणी) यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर ठेवावे, असे उद्यान सांगते. मीटर मुलांना कळत नाहीत, पण अंगठा कळतो: हात पूर्ण ताणून, एक डोळा मिटून अंगठा प्राण्यासमोर धरावा, आणि प्राणी त्यामागे पुरता झाकला गेला नाही तर मागे सरकावे.

जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी मुलांच्या सर्वांत लाडक्या. कोलंबियन जातीची खार वर्षातले सुमारे आठ महिने बिळात झोपून काढते आणि उरलेल्या चार महिन्यांत पिले वाढवून वर्षभराची चरबी साठवते. तिच्या पुढ्यात वेफर टाकणे ही दया नव्हे, आणि वन्यप्राण्यांना खाऊ घालणे हा गुन्हा असून त्याचा दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. खाऊ न देता दहा पावलांवर बसले तरी खारी उभ्या राहतात, शिट्ट्या मारून एकमेकींना सावध करतात, भांडतात; पाहण्यासारखे पुष्कळ असते.

राहिले अस्वल. मे-जूनमध्ये रस्त्याकडेच्या डँडेलियन या पिवळ्या रानफुलांवर ती चरायला येतात, जुलै-ऑगस्टमध्ये बफेलोबेरी पिकते आणि ग्रिझली दिवसाला दोन लाखांपर्यंत फळे खाऊ शकतो. म्हणजे तुमच्या सुट्टीच्या काळात अस्वल पोटासाठी पूर्ण वेळ कामावर असते. रस्त्यावर दिसले तर गाडी उभी करू नये, वेग कमी करून पुढे जावे. गाड्यांची रांग लागते, लोक खाली उतरतात, आणि रस्त्याला सरावलेले अस्वल पुढे रस्त्यावर किंवा रेल्वेखाली मरते. धावत्या गाडीतून मिळालेले पाच सेकंदांचे दर्शन पुरेसे आहे. मुलेही ते वर्षानुवर्षे सांगत राहतात.

पायवाटेवर मात्र भेट टाळणे हाच उद्देश असतो. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पिटाळणारा मिरचीचा फवारा, मोठ्या माणसाच्या कमरेला, हात सहज पोहोचेल असा हवा. पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या स्प्रेचा काही उपयोग नाही. तो विमानातून नेता येत नाही, पण बॅन्फमध्ये भाड्याने मिळतो. मुले पुढे पळू नयेत, ती दोन मोठ्यांच्या मध्ये असावीत. अस्वलाला आधीच चाहूल लागावी म्हणून छोट्या घंटा विकत मिळतात, पण त्यांचा आवाज फार दूर जात नाही. त्यापेक्षा बोलत, गात, अधूनमधून टाळ्या वाजवत चालावे, आणि मराठी कुटुंबाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. अस्वल समोर आलेच तर पळू नये, लहान मूल उचलून घ्यावे, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरावे.

भारतातल्या शाळांच्या सुट्टीमुळे बहुतेक कुटुंबे मे महिन्यात येतात आणि हातात उंचावरच्या सरोवरांची यादी असते. तेव्हा त्यांतली बरीच गोठलेली असतात, वरच्या वाटांवर जूनअखेरपर्यंत बर्फ राहू शकतो, आणि मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनपर्यंत बंदच असतो. २०२३ पासून तिथे खासगी गाडीही नेता येत नाही. त्या काळात खालची दरी मात्र जागी झालेली असते, आणि वर सांगितलेल्या बहुतेक जागा गावापासून पायी किंवा गावातल्या बसने गाठता येतात. गाडी हॉटेलवर ठेवा, मुलांसाठी हलकी दुर्बीण घ्या, आणि मे-जूनमध्ये असाल तर फेनलँडला निघण्यापूर्वी ती वाट उघडी आहे का, हे उद्यानाच्या माहिती केंद्रात विचारून घ्या.