जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा

हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) दोन तासांच्या आत यायची तर प्रत्येक किलोमीटर 5 मिनिटं 41 सेकंदांत जायला हवा. सव्वादोन तासांत येणाऱ्याला हा फरक तीन महिन्यांच्या जोरदार सरावात भरून काढावासा वाटतो. बहुतेकांना त्यासाठी दोन-तीन वर्षं लागतात आणि खान्देशात प्रगती मोजायची पद्धतही थोडी वेगळी ठेवावी लागते.

जळगाव-भुसावळचं ऊन ठाऊक असलेल्याला कारण सांगायला नको. गरम हवेत शरीर बरंचसं रक्त थंडाव्यासाठी कातडीकडे वळवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके दहा-पंधराने वाढतात. एप्रिलमध्ये घड्याळ बघून ‘आपण मागे पडलो’ असं वाटून कित्येक जण पळणंच सोडतात. खरं तर फिटनेस तेवढाच असतो, हवा बदललेली असते. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशी आणि मेची मेशी.

चाचणी साधी ठेवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सपाट रस्त्यावर. जळगावात मेहरूण तलावाकाठचा चालेल. आधी 2 किलोमीटर सावकाश, मग 5 किलोमीटर हृदयाचे ठोके एकाच आकड्यावर धरून, समजा मिनिटाला 145. वेग आपोआप ठरू द्या. वहीत तारीख, तापमान, ठोके आणि किलोमीटरला लागलेला सरासरी वेळ लिहा. या जानेवारीत 145 वर 7:20 लागत होते आणि पुढच्या जानेवारीत त्याच ठोक्यांवर 6:55 लागले, तर ती खरी प्रगती, मग वर्षभरात एकही शर्यत नसली तरी. थंडीच्या पहाटे मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. हात गारठले की कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो आणि सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजू लागतो. ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या.

आता किलोमीटर. पहिल्या वर्षी आठवड्याला 15 वरून 25, दुसऱ्या वर्षी 30 ते 35, तिसऱ्या वर्षी 40 ते 45. नोकरी-शेती सांभाळून एवढं जमतं. दर चौथ्या आठवड्याला चौथा हिस्सा कमी करा. घाई इथेच नडते: दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. दम पुढे, पाय मागे, अशा अवस्थेत नडगी दुखायला लागते. तेव्हा बोटाने नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली दाबत जा. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल तर किलोमीटर निम्मे करून बहुधा निभावतं. एकाच टिचभर जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

आठवड्यातले चार दिवस पुरेत. त्यातले तीन इतके सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. सगळ्यात जास्त नुकसान रोज मध्यम वेगाने पळण्याने होतं: थकवा जोरदार सरावाचा आणि फायदा मात्र तेवढा नाही. चौथा दिवस वेगाचा, पण तो दुसऱ्या वर्षापासून: 1 किलोमीटर पाच वेळा, 10 किलोमीटर शर्यतीच्या वेगापेक्षा किंचित जलद, मधे 3 मिनिटं चालणं. शक्य असेल तर सावकाश दिवस पाटाकडेच्या कच्च्या रस्त्यावर काढा, डांबरापेक्षा पायांना बरं. पावसाळ्यात मात्र नको, काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतात आणि घोटा मुरगळतो.

शर्यतीच्या वेळेच्या अंदाजासाठी अमेरिकी अभियंता पीटर रीगेल यांचं सूत्र कामाला येतं: अंतर वाढलं त्या पटीचा 1.06 घात काढा आणि त्याने आधीच्या वेळेला गुणा. 10 किलोमीटर 60 मिनिटांत जात असेल तर हाफ सुमारे 2 तास 12 मिनिटांत, फुल मॅरेथॉन (42.2 किलोमीटर) 4 तास 36 मिनिटांत. हाफचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. आठवड्याला 40 किलोमीटरही नसतील तर फुलचा चुकतो, कारण 30 किलोमीटरनंतर पाय सोडून देतात.

सपाट मुलुखात सराव केलेल्यांना मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ जड जातो. धुळेकरांना लळिंगचा डोंगर जवळ आहे. बाकीच्यांनी सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत एखाद्या उड्डाणपुलावर सहा-आठ चढ काढावेत, उतरताना चालत. मुंबईची हवा दमटही असते, तेव्हा पहिले 10 किलोमीटर किलोमीटरमागे 10 ते 15 सेकंद राखून पळा.

खाण्याचं: आदल्या रात्री तर्रीची शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी बाजूला ठेवा. तेल आणि चोथा पोटात राहतो. कमी तेलाची खिचडी किंवा वरण-भात उत्तम. नव्वद मिनिटांपुढच्या पळण्यात तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, म्हणजे आपल्याकडे पळताना घ्यायच्या साखरेच्या जेलवाचून अडत नाही. अर्धं-अर्धं करून खा आणि सरावात खाऊन बघा, शर्यतीत पहिल्यांदा नको.

पाणी किती, ते वजनकाट्याला विचारा. तासभर पळण्याआधी आणि घाम पुसून नंतर वजन करा. 900 ग्रॅम कमी भरलं तर तासाला तेवढेच मिलिलीटर घाम गेला. मधे काही प्यायलात तर तेही त्यात मिळवा. डिसेंबरात आणि मेमध्ये हा आकडा फार वेगळा येतो. घामापेक्षा जास्त साधं पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलटी, प्रसंगी त्याहून वाईट होतं. उन्हाळ्यात मिठाचं लिंबूपाणी ठेवा, पहाटे साडेपाचच्या आत निघा आणि किलोमीटर न मोजता मिनिटं मोजा: 90 मिनिटांचं लांब पळणं 60 वर आणा, आठवड्याचे दिवस मात्र चारच राहू द्या.