तुम्ही विचारलंत म्हणून : माळ किती पिढ्यांची?

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून उभी राहिले की गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेकडे बघून कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, खरी आहे? किती पिढ्यांची?" ढोल-ताशांच्या गजरात "बऱ्याच!" एवढंच ओरडून सांगता येतं. लग्नामुंजीत हाच प्रश्न जरा आदबीने येतो, "पेशवेकालीन असेल ना?"

ते पेशवेकालीन प्रकरण आधी निकालात काढते. दागिना जुना असला की तो पेशवाईतूनच यावा लागतो, असा आपल्याकडे नियमच आहे. आपल्या पूर्वजाला नाना फडणवीसांनी काही ना काही दिलं नव्हतं, असं कबूल करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. आमच्याकडेही हेच सांगत. पण पुतळीवरून काळ ठरवणं अवघड. हे मूळ व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. १२८४ पासून, १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं तोपर्यंत ते पाडलं जात होतं आणि व्यापाराच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर येत होतं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दोघांच्या मधे निशाणाची काठी. आजीच्या लेखी मात्र ते राम-सीता होते, आणि दसऱ्याला ती त्यांना हळदकुंकू लावायची.

पुढे आपल्याकडच्या सोनारांनी स्वतःच ठसे करून पुतळ्या पाडल्या आणि त्या पुष्कळ वर्षं पाडत राहिले. झवेरी बाजारातल्या एका वयस्कर सराफाने मला भिंगातून दाखवलं. माझ्या माळेतल्या दोन पुतळ्यांवर लॅटिन अक्षरं लागतात. बाकीच्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा, काही तर उलट्या. ठसा करणाऱ्याला लॅटिनशी देणंघेणं नव्हतं, पण कडेने काहीतरी लिहिलेलं नसलं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. थोडक्यात, बहुतेक पुतळ्या देशी आहेत आणि त्या कधीच्या, हे नाण्यावरून सांगता येत नाही.

काळ लागला तो कागदावरून. पणजीच्या लग्नाची याद आईच्या पेटीत तळाशी होती. देण्याघेण्याचं ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसून लिहायची, ती याद. कागद घडीवर फाटलेला आणि मजकूर मोडीत. काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. त्यांच्या मोडीच्या वर्गात शिकलेल्या एका मुलाने तो वाचून दिला. शके १८१९, वैशाख. म्हणजे १८९७. आदल्या वर्षी मांडवीत प्लेग निघाला होता आणि मुंबईतली अर्धी वस्ती गावोगावी पळाली होती. पणजीच्या सासरचेही गिरगावातलं बिऱ्हाड बंद करून कोकणात गेले होते, म्हणून लग्न तिकडे झालं. यादीत वरपक्षाने घालायच्या दागिन्यांत लिहिलंय : पुतळ्यांची माळ १, पुतळ्या २९, वजन तोळे ९. आणि शेवटी, "सासूचे अंगावरील".

हे दोन शब्द मला त्या नऊ तोळ्यांपेक्षा मोलाचे. माळ लग्नासाठी घडवली नव्हती, पणजीच्या सासूने गळ्यातून काढून दिली होती. म्हणजे ती सासू, मग पणजी, आजी, आई आणि मी. पाच. त्याच्या मागे कागद नाही.

आता खरी गंमत. पणजीच्या सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. सात-आठ पिढ्यांचे पुरुष, कोण कुठे वारला, कोणाला कुठल्या गावची खोती, सगळं चोख. त्यात पणजोबांच्या नावापुढे आहे : "संतती : कन्या १. पुढे वंश नाही." रेघ तिथेच तोडलेली. ती कन्या १ म्हणजे माझी आजी. नव्वदीपर्यंत जगली, चार मुलं वाढवली, सकाळी सहाला ठाकूरद्वारला भाजी घ्यायला जायची आणि भाजीवाल्याला रडकुंडीला आणायची. पुस्तकात तिचं नावसुद्धा नाही.

पणजीला मुलगा नव्हता, म्हणून माळ लेकीकडे आली आणि तिचं आडनाव बदललं. आजीने ती सुनेला, म्हणजे आईला घातली. तेव्हा आडनाव टिकलं. आईने मला दिली, पुन्हा बदललं. त्यामुळे "तुमच्या घराण्याची माळ का?" असं कोणी विचारलं की मी विचारते, कुठल्या? माझ्या सासरी ती परकी, माहेरी ती गेलेली, आणि जिथून निघाली त्या घराण्याच्या हिशेबी आम्ही कोणी जन्मलोच नाही. पणजीचं माहेरचं नावही त्या यादीतच काय ते उरलंय. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि त्यानंतर जुन्या नावाने हाक मारणारं सासरी कोणी नव्हतं.

आज माळेत पुतळ्या वीस आहेत. "नऊ कुठे गेल्या?" हे मला फारसं कोणी विचारत नाही, पण सांगण्यासारखं तेच आहे. १९६२ मध्ये चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचं सोनं काढून देत होत्या. आजीने एक पुतळी दिली. नंतर ती जागा भरायला सोनाराकडे गेली, तोवर १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंचे सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले होते. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. सोनार म्हणाला, चौदाची करून देतो. आजी म्हणाली, "भेसळीच्या रामापेक्षा पोवळं बरं." त्या जागी पोवळ्याचा मणी आहे, अजून. शोभायात्रेत मुली त्याला डिझाइन समजतात.

दोन पुतळ्या आजोबांनी न विचारता मोडल्या, कशासाठी ते आजीने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारायची हिंमत केली नाही.

उरलेल्या सहा गेल्या संपात. बाबा गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिले काही महिने सगळ्यांनाच वाटत होतं, आता मिटेल. मग आईने माळ पेढीवर गहाण टाकली. व्याज चढत गेलं. शेवटी सहा पुतळ्या विकून बाकीची माळ सोडवून आणली. आईने त्या जागी पोवळी ओवली नाहीत. भुलेश्वरच्या पटवेकऱ्याकडून नवा रेशमी दोरा घालून माळ आखूड गाठवून घेतली. आधी ती पार खाली रुळायची, आता जेमतेम छातीपर्यंत येते. पटवेकऱ्याने मजुरी घेतली नाही, त्याचा भाऊही गिरणीतच होता.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे : लेकीला की सुनेला? एक सांगून ठेवते, हे तोंडी ठरवू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. स्त्रीधनावर बाईची पूर्ण मालकी, पण मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी आणि नवरा तिघांचे सारखे वाटे. माळेचे तीन वाटे म्हणजे पुतळ्या मोजून कात्री लावणं. सुनेचं तर त्या वाटणीत नावच नाही. आणि लॉकरला नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी फक्त वस्तू ताब्यात घेतो, मालक होत नाही.

मी दोन कागद केलेत. एक नवी याद, चांगल्या देवनागरीत : पुतळ्या वीस, पोवळं एक, गेलेल्या नऊ कुठे गेल्या, आणि माळ घातलेल्या बायकांची माहेरची-सासरची जेवढी माहीत तेवढी नावं. ती कोणी मागितली तर झेरॉक्स देते. सुनेने मागितली, लेकीने अजून नाही. दुसरा कागद मृत्युपत्र, ते वकिलाकडे आहे. त्यात काय आहे ते मी यजमानांनासुद्धा सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हाला सांगेन ही आशा सोडा.