निघतोच आता

"निघतोच आता" असं फोनवर कधीच न म्हणालेला नवरा माझ्या पाहण्यात नाही. म्हणणारा तेव्हा निघण्याच्या जवळपासही नसतो. ऐकणारीला ते पक्कं ठाऊक असतं. तरी ती विचारते आणि तरी तो सांगतो. या थापेवर अमेरिकेत एक हळवं गाणं झालं आणि ते 'किस'सारख्या बँडच्या नावावर जमा आहे, याची मला फार गंमत वाटते.

कारण किस म्हणजे तोंडाला पांढरा-काळा रंग फासून, उंच टाचांचे बूट घालून स्टेजवर येणारी न्यूयॉर्कची चौकडी. जीन सिमन्स हातभर जीभ काढून तोंडातून रक्त ओघळवणार, मधूनच आग ओकणार. एस फ्रेलीच्या गिटारमधून धूर निघणार. मागे ड्रमवर मांजराचं तोंड रंगवलेला पीटर क्रिस. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घ्यावी, असा सगळा थाट.

या मांजराच्या घशातून १९७६ साली 'बेथ' आलं. पियानो, व्हायोलिनांचा ताफा आणि क्रिसचा खरखरीत आवाज. बँडमधल्या बाकी तिघांनी त्यात एक सूरही वाजवलेला नाही. किसचं सर्वांत गाजलेलं गाणं आणि किस त्यात जवळजवळ नाहीच!

गाण्याचा जन्म मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. किसमध्ये येण्यापूर्वी क्रिस 'चेल्सी' नावाच्या बँडमध्ये होता. तिथे तालमी चालू असताना एका सहकाऱ्याच्या बायकोचा सारखा फोन यायचा: घरी कधी येणार? तो जी उत्तरं द्यायचा, ती दुसरा सहकारी स्टॅन पेनरिज टिपून ठेवायचा. त्यातून गाणं झालं, नाव 'बेक'. त्याचा मूळ बाज बराच खट्याळ होता म्हणतात, आणि ते पटतं. मित्राची अशी फजिती चाललेली असताना कोणाला गहिवरून येतं?

चेल्सीचा एकच अल्बम निघाला, तोही कोणी फारसा विकत घेतला नाही. इतक्या रात्री जागून, बायकांना ताटकळत ठेवून घोटलेली गाणी गेली ती गेलीच. टिकला तो त्या तालमींत व्यत्यय आणणारा फोन.

किसच्या 'डिस्ट्रॉयर' अल्बमच्या वेळी निर्माता बॉब एझ्रिनने या खट्याळपणाला भरजरी शालू नेसवला. चाल संथ केली, वाद्यवृंद आणला. बेकची बेथ झाली. मला विचाराल तर शब्दांत प्रेम बेताचंच आहे. हा गृहस्थ म्हणतो की तुझी हाक ऐकू येतेय, पण आत्ता येता येणार नाही, आमचा सूर अजून सापडलेला नाही. मग थोडा वेळ, आणखी थोडा वेळ असं करत शेवटी सांगतो की रात्रभर वाजवणार आहोत. थेट हेच वाक्य घरात बोलून पाहा. पण खाली व्हायोलिनं असली की माणूस विरहात तळमळतोय असं वाटायला लागतं.

रेकॉर्ड कंपनीचा तरी या गाण्यावर भरवसा कुठे होता? सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, निघाली 'डेट्रॉइट रॉक सिटी'ची. कार्यक्रमाला निघालेला एक चाहता वाटेत मोटार अपघातात मरतो, असं ते दणदणीत गाणं. 'बेथ' तबकडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे अडगळीतच. पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि श्रोते पुन्हा पुन्हा तेच मागू लागले. कंपनीने मुकाट्याने बाजू बदलून पुन्हा सिंगल काढली. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 'बेथ' सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. अमेरिकेत किसचं दुसरं कुठलंही गाणं त्याच्या वर गेलेलं नाही. ज्या स्टेशनांना किसचा गोंगाट सोसत नव्हता, तिथेही ते वाजलं.

मग स्टेजवरही त्याचा सोहळा झाला. रक्त, आग, धूर थांबवून क्रिस पुढे येऊन बसायचा, ध्वनिमुद्रित साथीवर गायचा आणि प्रेक्षकांत गुलाब फेकायचा. गाण्यात बायको घरी बसलेली, इकडे गुलाब भलत्यांनाच! पुढे चौकडीतला चौथा, गायक-गिटारवाला पॉल स्टॅन्ली, याने आत्मचरित्रात या गाण्याचं श्रेय क्रिसला द्यायलाच नकार दिला. बँडमधली भांडणं म्हणजे एकत्र कुटुंबातली भांडणं. त्यात आपण पडू नये.

क्रिस १९८० साली बाहेर पडला, मधे परतला, पुन्हा गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किसने शेवटचा कार्यक्रम केला, तेव्हा 'बेथ' म्हटलं क्रिसच्या जागी आलेल्या ड्रमर एरिक सिंगरने. तोंडावर तेच मांजर, आत माणूस दुसरा. सबब मात्र जुनीच: अजून थोडा वेळ लागेल.