अर्ध्याहून जास्त ‘हो’, तरी हरलो

मुलाच्या दुसरीच्या वर्गात पहिल्यांदा गेले तेव्हा कोपऱ्यात एक निळी बादली दिसली. बाहेर लख्ख ऊन होतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “नोव्हेंबर ते मार्च, पावसात, तिची जागा तीच. मग हलवायचीच कशाला?” वर्ग म्हणजे पोर्टेबल, ट्रकवर घालून आणलेली आणि ठोकळ्यांवर टेकवलेली खोली. तात्पुरती म्हणून आणलेली ती खोली माझ्या लग्नाहून जुनी होती. कऱ्हाडजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही पावसाळ्यात पत्र्याखाली घमेलं असायचं, पण ते बघून कुणाला नवल वाटत नसे. इथे कॅलिफोर्नियात, साध्या घराला बारा-पंधरा लाख डॉलर पडतात त्या गावात, बादली बघून मला हसूच आलं. पालक सभेत हात वर करून विचारलं, “छप्पर का नाही दुरुस्त करत?” त्या एका प्रश्नाने पुढची सहा वर्षं खाल्ली.

उत्तर असं मिळालं. शिक्षकांचे पगार, पुस्तकं, वीज यांचा रोजचा पैसा राज्याच्या सूत्रानुसार येतो. इमारती मोठ्या प्रमाणावर दुरुस्त करायच्या किंवा नव्या बांधायच्या तर डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला, कर्ज काढावं लागतं, म्हणजे बॉण्ड विकावे लागतात. ते कर्ज गावातले घरमालक प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतात, म्हणून काढण्याआधी गावाला मतदानाने विचारायचं. आणि साधं बहुमत पुरत नाही. पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची. २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ३९, म्हणजे राज्यभराच्या मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, मंजूर झालं आणि ती अट ५५ टक्क्यांवर आली. त्या बदल्यात बंधनं आली: कामांची यादी आधी जाहीर करायची, या पैशातून शिक्षकांचा पगार द्यायचा नाही, दर वर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करायचं आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती नेमायची.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे वर्गणीच की. आमच्या वेळी गुरुजी दारोदार फिरायचे.” मी म्हटलं, वर्गणी नको असेल तर देत नाही, इथे एकदा ५५ टक्के लोक हो म्हणाले की उरलेल्या ४५ टक्क्यांनाही तीस वर्षं द्यावी लागते. “मग नीट विचारा हो त्यांना,” आई म्हणाली. तेव्हा ते मी कानाआड केलं.

सुरुवात आराखड्यापासून होते. आर्किटेक्ट प्रत्येक शाळेत फिरून छप्पर, पाइप, वायरिंग, आगीचे अलार्म, जिथे रॅम्प हवा तिथल्या पायऱ्या असं सगळं नोंदवतात. पुढच्या दहा वर्षांत किती मुलं येतील याचा अंदाज वेगळा माणूस देतो. त्यातून जो जाड बाड तयार होतो त्याच्या शेवटच्या पानावरची रक्कम बघून सगळे गप्प होतात, कारण ती गाव देईल त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. मग काटछाट सुरू होते, आणि माणसं कळतात ती तिथे. आमच्या बैठकीत एक बाबा तीन वेळा उठून जिमबद्दल बोलले. दुसऱ्या शाळेच्या पालकांना आमच्या शाळेला दोन नव्या लॅब का, याचं उत्तर हवं होतं. मलनिस्सारणाच्या पाइपांची बाजू घेऊन कुणीच बोललं नाही. पाइपांना पालक नसतात.

त्यानंतर संध्याकाळी जेवायच्या वेळी जनमत पाहणीवाल्यांचे फोन सुरू होतात. घराच्या करमूल्याच्या, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीच्या, दर लाख डॉलरमागे वर्षाला ६० डॉलर चालतील का? ५० चालतील? बालवाडी ते बारावी एकत्र असलेल्या आमच्यासारख्या डिस्ट्रिक्टला ५५ टक्क्यांच्या मार्गाने जाताना ६० ही वरची मर्यादा आहे. या फोनवरून ठरतं की मागायचे किती. म्हणजे गरज किती हे बाडात, पण आकडा किती हे लोकांच्या जेवणाच्या ताटावर.

आमचं पहिलं मतदान ३ मार्च २०२० ला होतं. मी ग्रीन कार्डवर होते. टॅक्स भरायचा हक्क होता, मताचा नव्हता. पण दारं वाजवायला कुणी अडवत नव्हतं. मतपत्रिकेवर आपलं म्हणणं मांडायला ७५ शब्द मिळतात, आणि २०१८ पासून त्यातच दर वर्षी किती पैसे उभे राहणार, दर काय आणि किती वर्षं, हेही लिहावं लागतं. उरलेल्या शब्दांत आम्ही ‘आधुनिक’, ‘एकविसावं शतक’, ‘जागतिक दर्जा’ असलं सगळं कोंबलं होतं. छप्पर शेवटच्या ओळीत होतं. ते वाक्य आता वाचलं की मलाच लाज वाटते.

वर नशीब असं, की त्याच दिवशी राज्याचा स्वतःचा १५०० कोटी डॉलरचा शाळांसाठीचा बॉण्ड मतदानाला होता आणि त्याला क्रमांक मिळाला होता १३. कॅलिफोर्नियात हा आकडा उच्चारला की वयस्कर माणसं ताठ बसतात, कारण १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने त्यांच्या घरावरचा कर बांधून दिला आहे. घर विकलं जात नाही तोवर त्याचं करमूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. एका दारात एका बाईंनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. “तेराला हात लावाल तर याद राखा!” मी सांगत होते की हा तेरा वेगळा आणि आम्ही तर तेरा नाहीच. दार बंद झालं होतं.

राज्याचा बॉण्ड ४७ टक्क्यांवर पडला. आमच्या बाजूने निम्म्याहून जास्त मतं पडली, पण ५५ काही गाठता आलं नाही. आईला हे पटवता पटवता मी थकले. “जास्त लोक हो म्हणाले आणि तुम्ही हरलात? असलं कसलं गणित?” मतमोजणी सुरू असतानाच कोविडमुळे शाळा बंद झाल्या. बादली रिकाम्या वर्गात भरत राहिली असणार.

२०२३ मध्ये मी नागरिक झाले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्ट्रिक्टने पुन्हा उभं राहायचं ठरवलं. या वेळी मी एकच हट्ट धरला: जे नाही म्हणाले होते त्यांच्याकडे आधी जायचं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, निवृत्त इंजिनिअर. घर १९८१ साली घेतलेलं, मुलं कधीच दूर गेलेली. पहिल्या खेपेला त्यांच्या अंगणात विरोधाची पाटी होती. मी वही घेऊन गेले. बॉण्डचा कर बाजारभावावर नसतो, करमूल्यावर असतो. त्यांचं करमूल्य दीड लाखाच्या आसपास, माझं बारा लाख. दर लाखाला ५० धरले तर त्यांना वर्षाला ७५ डॉलर आणि मला ६००. एकाच गल्लीत, एकाच आकाराची घरं. ते हसले. “म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हीच ‘नाही’ म्हणायला हवं!” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हा कायदा नव्याने घर घेणाऱ्यावर अन्याय करतो असं मला आजही वाटतं, आणि आमच्यातले बहुतेक जण नव्याने घर घेणारेच.

पण त्यांचा खरा आक्षेप दुसराच होता. आत जाऊन त्यांनी कात्रण आणलं, सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टचं. तिथे २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर उभे केले, पण व्याज लगेच न देता साठवत जायचं अशा प्रकारचे बॉण्ड काढून. सुरुवातीची वीस वर्षं काहीच भरायचं नाही, आणि शेवटी फेड जवळजवळ ९८ कोटी. २०१३ मध्ये राज्याने कायदा करून असल्या बॉण्डची मुदत २५ वर्षांवर आणि फेड मुद्दलाच्या चौपटीवर बांधली. आजोबा म्हणाले, “चौपट तरी का?” मी तो प्रश्न तसाच डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सभेत विचारला. आमच्या बोर्डाने असे बॉण्ड काढणारच नाही असं मतदान मागण्याच्या ठरावात घातलं. ठराव निवडणुकीच्या ८८ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तो अगदी काठावर गेला.

डिस्ट्रिक्टला स्वतःला प्रचार करता येत नाही. सार्वजनिक पैशातून माहिती द्यायची, मत मागायचं नाही. मुख्याध्यापिका फाटकापाशी उभ्या राहून म्हणायच्या, “माहितीपत्रक आहे, जरूर वाचा,” आणि पुढचं डोळ्यांनी बोलायच्या. शिक्षक शाळा सुटल्यावर आपल्या वेळेत यायचे. बाकी सगळं पालकांच्या समितीचं. वर्षाला २००० डॉलर जमले की राज्याकडे नोंदणी, खजिनदार, प्रत्येक चेकचा हिशेब. एक्सेल येतं म्हणून खजिनदार मी. आणि इथे कबूल करायला हवं: मोठे चेक पालकांचे नव्हते. ज्यांना पुढे कामं मिळू शकतात अशा आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांचे होते. कायद्याने चालतं, नावं जाहीर होतात. आम्ही दोन रात्री भांडलो आणि शेवटी घेतले. टपालखर्च त्यातूनच निघाला. मला ते आवडलं नव्हतं, अजूनही आवडत नाही.

गणपतीत मंचावरून बोलायचं नाही असं मंडळाने आधीच बजावलं होतं. मग मी प्रसादाच्या रांगेत बोलले. एका मैत्रिणीने विचारलं, “अगं, आमची तर कॉलेजला गेली. आता आम्ही कशाला?” दुसरी म्हणाली, “वर्षाला सहाशे? एवढ्यात गणिताची शिकवणी होते.” एच-वन व्हिसावरचं एक जोडपं मात्र दर शनिवारी पत्रकं दुमडायला यायचं. मत नाही, घर भाड्याचं, मुलगी बालवाडीत.

७५ शब्द या वेळी छपरापासून सुरू झाले. मग पाइप, वायरिंग, अलार्म. लॅब शेवटी. जिम नाहीच. विरोधी बाजूला मतदारांच्या पुस्तिकेत ३०० शब्द मिळतात. ते शेजारच्या आजोबांच्या सहीने छापून आले. मला आधी सांगूनच त्यांनी सही केली होती.

५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आम्ही ५५ च्या किंचित खाली होतो. इथे टपालाने आलेली मतं, निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर पुढचे सात दिवस स्वीकारतात, आणि काउंटीचं निवडणूक कार्यालय दर काही दिवसांनी नवे आकडे टाकतं. कुकर लावायचा, आकडा बघायचा. दुसऱ्या आठवड्यात रेघ ओलांडली. पेढे नव्हते, डोनट वाटले. त्याच दिवशी राज्याचा १००० कोटींचा प्रपोझिशन २ पण मंजूर झाला होता. त्यातून जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाला राज्य साधारण ६० टक्के वाटा देतं, पण त्यासाठी स्वतःचे पैसे हातात असावे लागतात आणि रांगेत उभं राहावं लागतं.

मला वाटलं, संपलं. तर देखरेख समितीचा अर्ज आला. किमान सात जण, बिनपगारी: एक व्यापारी, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, पालक, वगैरे. समितीला काय बांधायचं हे ठरवता येत नाही. यादीत लिहिलं होतं तिथेच पैसा गेला का, एवढंच बघायचं. पहिली बैठक याच गोष्टीवर चिडण्यात गेली. नकाशे राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून मंजूर करून घ्यावे लागतात, त्याला वेळ लागतो. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला आणि सत्तर शाळा कोसळल्या. मुलं घरी होती म्हणून वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा झाला, तेव्हापासून ही मंजुरी. हे कळल्यावर मी उशिराबद्दल बोलणं बंद केलं.

छपरांचं काम पहिल्या उन्हाळी सुट्टीत झालं. बादलीचा पोर्टेबल पाडायचाच आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यात. माझा मुलगा आता आठवीत आहे, दुसऱ्या इमारतीत.

ऑक्टोबरमध्ये कराचं बिल आलं. आजोबा कुंपणापाशी कागद घेऊन उभे होते. “साडेशहात्तर. तुम्ही पंच्याहत्तर म्हणाला होतात.” मी म्हटलं, २ टक्क्यांची वाढ धरायची राहिली. “मग लिहून घ्या,” ते म्हणाले. करदात्यांच्या संघटनेची जागा तोवर रिकामीच होती. कुणी अर्ज करत नव्हतं. त्यांनी केला. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मी याच्या विरोधात मत दिलं होतं, आणि मग छपराच्या बिलाचं तिसरं पान उघडायला लावलं.