धड्याची वेळ आजारपण ठरवतं तेव्हा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्यांचं पहिलं वेळापत्रक बहुतेक वेळा शाळेच्या छापाचं असतं: नऊला गणित, दहाला भाषा. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर ते आठवडाभरही टिकत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीने भरवल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं उंच ठेवायचं, औषधं ठरल्या वेळी द्यायची. यातलं काही मागेपुढे करता येत नाही, धडा करता येतो. म्हणून आधी आजारी माणसाचा दिवस कागदावर मांडावा आणि अभ्यास उरलेल्या फटींत बसवावा.

त्यासाठी सात दिवस फक्त नोंद करा: काम कधी सुरू झालं आणि हात कधी मोकळे झाले. अंदाजाने लिहू नका. वीस मिनिटांची म्हणवली जाणारी आंघोळ चादर, कपडे, मलम धरून पाऊण तास खाते. आठवड्याअखेर दोन तऱ्हेच्या फटी दिसतील. काही वेळी तुम्ही पूर्ण मोकळे असता, काही वेळी शेजारी बसून राहावं लागतं पण कान मोकळे असतात. नवीन संकल्पना पहिल्या फटीत, पाढे, मोठ्याने वाचन, शुद्धलेखनाची उजळणी दुसऱ्या फटीत. कूस बदलताना किंवा औषध मोजताना मात्र मुलाला काहीच सांगत बसू नका. डोस चुकतो तो अशाच वेळी.

पूर्ण मोकळी अशी २५ मिनिटांची एकच फट मिळाली तर ती गणिताची. संध्याकाळवर टाकलेलं गणित होत नाही, कारण तोवर दोघंही दमलेले असतात.

गणित आणि वाचन रोज. इतर विषयांना वार नेमू नका, त्यांची फिरती यादी ठेवा: विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला. आज विज्ञानापाशी थांबलात तर पुढच्या वेळी इतिहास, मग ती वेळ उद्या येवो की चार दिवसांनी. वार नेमला की गुरुवारी दवाखान्याच्या फेऱ्या असलेल्या घरात गुरुवारचा विषय वर्षभर उपाशी राहतो.

व्यत्यय येणारच, तेव्हा धडा अर्ध्यावर सोडता येईल असाच आखा. दहा मिनिटं तुम्ही समजावायचं, पुढची पंधरा मुलाने एकट्याने सोडवायची. मधेच उठावं लागलं तर उठण्याआधी वहीत पेन्सिलीने एक ओळ: ‘पान ४२, उदाहरण ६, छेद समान केले, अंश मिळवायचे बाकी.’ नुसतं ‘पान ४२’ लिहिलं तर परत आल्यावर पाच मिनिटं कुठे होतो हेच शोधण्यात जातात आणि मूल उदाहरण पुन्हा पहिल्यापासून मांडत बसतं.

वर्षाचा हिशोबही सैल धरा. पाच दिवसांचे ३२ आठवडे म्हणजे १६० दिवस, चार दिवसांचे ४० आठवडे म्हणजेही १६०. दुसरा हिशोब बरा, कारण पाचवा दिवस राखीव राहतो. त्याला आधीच काम नेमलंत तर तो राखीव कसला?

सगळ्यात जास्त बिघाड होतो तो भरपाईच्या नादात. तीन दिवस बुडाले म्हणून चौथ्या दिवशी दुप्पट धडे घेतले की मूल कंटाळतं, तुम्ही चिडता आणि पाचवा दिवसही जातो. बुडालेले दिवस सोडून द्या, जिथे थांबलात तिथून पुढे चला. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला असेल तर पहिले दोन दिवस फक्त उजळणी करा, रोज दहा-बारा जुनी उदाहरणं. जिथे तीनपेक्षा जास्त चुकतील तो धडा पुन्हा घ्या, बाकी सोडा.

दवाखान्यात रात्र काढावी लागली तर त्या दिवसांसाठी वेगळी पिशवी भरलेली असू द्या: गोष्टीचं एक पुस्तक, उत्तरं मागे छापलेली सरावपुस्तिका, दोन पेन्सिली. उत्तरं मागे हवीतच, कारण घरी मुलाजवळ जो कोणी थांबेल त्याला दशांश अपूर्णांक येतीलच असं नाही.