तात्यांचं बीपीचं कार्ड गावात आणताना

तीन हेलपाटे, तीन खाडे. आणि काम होतं दहा मिनिटांचं: तात्यांचं बीपीचं कार्ड तालुक्यावरून गावच्या उपकेंद्रात वर्ग करायचं. याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. ज्यांच्या घरी बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांचे हेलपाटे तरी वाचतील.

तात्या म्हणजे माझे वडील, वय 67. गाव साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तालुक्याला नेलं तर बीपी 190/106 निघालं आणि ऑपरेशन पुढं गेलं. तिथंच बीपीच्या उपचारांचं कार्ड निघालं, अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम सुरू झाली, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळाल्या. इथवर कुठंही अडलं नाही.

पण दर महिन्याला 24 किलोमीटर जायचं कसं? सकाळची एक एसटी, तीही भरून येते. आशाताई म्हणाल्या, "आपल्या उपकेंद्रात ह्याच गोळ्या मिळत्यात की, तात्यांना कशाला तिकडं हिंडवता?" उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, नाव तालुक्याच्या यादीत आहे. तिथून माझ्याकडं वर्ग करून आणा, कारण साठा मला यादीवरच्या पेशंटप्रमाणे येतो.

पहिल्या खेपेला मी एकटाच गेलो. खिडकीवर सांगितलं, नोंदी बघणारा माणूस ट्रेनिंगला गेलाय. दुसऱ्या खेपेला तो होता. म्हणाला, पेशंटला समोर आणा. तिसऱ्या खेपेला तात्यांना घेऊन गेलो, अंधुक दिसणारा माणूस, हात धरून एसटीत चढवला. दोन तास बाकावर बसलो. मग कळलं की बीपी-शुगरची ओपीडी आज नसते, परवा या. वार कुठंच लिहिलेला नव्हता. मी विचारलं, हे मागच्या वेळी का नाही सांगितलं? उत्तर नाही. शेजारी एक आजी होत्या, त्यांचीही तीच गत. त्या काही न बोलता उठून गेल्या. त्यांच्या गोळ्या त्या दिवशी मिळाल्या का, हे माझ्या मनातून जात नाही.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत सातारा होता. गोळी घराजवळ मिळावी, एकदम 30 दिवसांची मिळावी, हाच त्यातला मुख्य भाग. त्या जिल्ह्यात एक कार्ड गावात यायला एवढं रखडावं?

या सगळ्यात तात्यांच्या गोळ्या संपल्या. अकरा दिवस गोळी नाही. तात्यांना तर बरंच वाटलं. "मला काय बी हुत न्हाय, उगं गोळ्या कशाला?" हेच चालू. सिस्टरांना कळलं तशा त्या संध्याकाळी मशीन घेऊन घरी आल्या. तात्यांना खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं बोलायचं नाही. चहा-तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद. (घाईघाईत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. परत मोजायला सांगा.) 178/102. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच.

त्यांनी तात्यांना रागावलं नाही. मागच्या महिन्याचा 138/84 हा आकडा शेजारी लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आयुष्यभर डेअरीत दुधाच्या फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरलेल्या घन भागाचे) आकडे तपासून घेणारा माणूस. दोन्ही आकडे ऐकले आणि गप्प झाला. मी महिनाभर जे सांगत होतो ते त्या दोन आकड्यांनी झालं.

मग सिस्टरांनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवर, डॉक्टरांना जोडलं. डॉक्टरांनी तीच गोळी लगेच सुरू करायला सांगितली आणि तोवरचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला. सिस्टरांनी मला एक चिठ्ठीही दिली: कार्डचा नंबर, मोबाईल नंबर, "पुढील औषधोपचार या उपकेंद्रात", सही, शिक्का. ती घेऊन ओपीडीच्या वारी गेलो आणि दहा मिनिटांत नाव वर्ग झालं. तेव्हा आधी उपकेंद्राची चिठ्ठी घ्या, ओपीडीचा वार फोनवर विचारा, मगच एसटीत बसा.

मिठाचं सांगायचं राहिलं. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा थोडं कमीच. सिस्टरांनी आईला पथ्याचा कागद दिला नाही. चुलीपाशी बसून विचारलं, खरड्यात किती घालता, लोणचं रोज असतं का, ताटात वरून मीठ घेतात का. खरडा बंद नाही झाला, पण ताटातली मिठाची चिमूट गेली. आईचं बीपीही त्यांनी तेव्हाच मोजलं. तिशीनंतर प्रत्येकानं मोजून घ्यावं, असं सांगून माझंही.

अजून एक. अम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते. तात्यांना आली तेव्हा ते गोळी सोडायला निघाले होते. सोडू नका, दाखवा. आणि गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकनं बीपी वाढू शकतं, हे आम्हाला घरातलं कुणी सांगू शकलं नसतं. सिस्टरांनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या काढून बघितल्या तेव्हा कळलं.

आता महिन्याच्या पाच तारखेला तात्या स्वतः चालत उपकेंद्रात जातात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, बंडीच्या आतल्या खिशात. मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. त्या सकाळी बीपी 132/80 होतं, आणि तो आकडा आता ते स्वतः वाचतात.