पॅच टेस्टच्या फॉर्मवर घरगुती लेपाला जागाच नाही

दालचिनी आणि मधाचा लेप मी कितीतरी महिने लावत होते आणि तो मला सोसतही होता. मग एकदा सकाळी गाल लाल झाले, संध्याकाळपर्यंत डोळ्यांखाली सूज आली आणि खाज काही थांबेना. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, सूज उतरली. नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते कळावं म्हणून पॅच टेस्टची चिठ्ठीही त्यांनीच दिली. इथवर काहीच अडलं नाही. अडलं ते टेस्ट करणाऱ्या केंद्राच्या खिडकीवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिथे एक छापील फॉर्म असतो. 'सध्या वापरात असलेली प्रसाधने' या तक्त्यात कंपनी, उत्पादनाचं नाव, घटकांची यादी आणि शेवटी लेबलचा फोटो असे रकाने. साबण आणि मॉइश्चरायझर लिहून झाल्यावर पुढच्या ओळीत मी लिहिलं : दालचिनीची पूड, मध, लिंबाचा रस, कधीकधी टी ट्री ऑइल, सगळं घरी मिसळलेलं. खिडकीवरच्या बाईंनी ती ओळ माझ्यासमोर खोडली.

"घरगुती आहे ना हे? हे नाही लिहायचं. केमिकलवालं तेवढं लिहा."

"पण त्रास ह्यानेच झालाय असं मला वाटतंय."

"नैसर्गिक आहे हो ते. आणि लेबल नसेल तर कॉम्प्युटर पुढे जातच नाही."

ते मात्र खरं होतं. फोटो जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मला परत पाठवलं. पुढच्या खेपेला मी दालचिनीची पुडी आणि तेलाची बाटली घेऊन गेले, तर तिथे दुसरेच गृहस्थ होते. त्यांनी डॉक्टरांचं पत्र मागितलं. पत्र आणलं, तर 'सौंदर्यप्रसाधन : नाही' एवढं भरून फॉर्म पुढे पाठवायची त्यांची तयारी होती. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी तिथे गेले होते, तीच कागदावरून गायब!

दालचिनीला वास येतो तो सिनामाल्डिहाइडमुळे. ते रसायनच आहे, झाडाने बनवलं म्हणून त्वचेला त्यात काही फरक पडत नाही. त्याच केंद्रात आत जो टेस्टचा संच वापरतात, त्यात 'फ्रॅग्रन्स मिक्स १' नावाचं मिश्रण असतं. त्यातल्या आठ द्रव्यांमध्ये हे दालचिनीचं द्रव्य आहे, लवंगेतलं युजेनॉलही आहे. आत ज्याची टेस्ट करतात, त्याची बाहेर नोंदच घेत नाहीत, हे मला पटणं शक्य नव्हतं. मी बाकावरून उठले नाही. 'हा फॉर्म डॉक्टरांनी स्वतः बघितल्याशिवाय मी सही करणार नाही' एवढं एकच वाक्य शांतपणे म्हणत राहिले. तुम्हीही हेच करा. खोडलेली ओळ पुन्हा लिहा आणि फॉर्म डॉक्टरांपर्यंत जाऊ द्या.

कारण डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि त्यांचे सगळे प्रश्न त्याच ओळीवरून निघाले. लेप किती वेळ ठेवता? तेल पातळ करून घेता की तसंच? बाटली उघडून किती दिवस झाले? टी ट्री ऑइलला हवा आणि उजेड लागत राहिला की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि जुनं तेल ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी करतं, हे मला तेव्हा कळलं. 'लिंबू लावून उन्हात गेला होतात का?' असंही त्यांनी विचारलं. हनुवटीवरचे तपकिरी ओघळ त्यांनी बघितले होते. लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि मागे राहिलेले डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे पॅच टेस्टमध्ये दिसत नाही. ती ओळ खोडलेलीच राहिली असती तर हे कुणी विचारलंच नसतं.

टेस्टबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ॲलर्जी करू शकणारी द्रव्यं घातलेल्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, त्वचेवर काय उमटलं ते वाचतात आणि मग साधारण चौथ्या दिवशी पुन्हा वाचतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. खुणांची शाई कपड्यांना लागते, जुना सदरा घाला. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : टेस्टच्या आधीचा आठवडाभर पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. घरून नेलेलं तेल किंवा लेप तसाच्या तसा पट्टीखाली लावू द्यायचा नाही. योग्य प्रमाणात पातळ केला नाही तर त्वचा नुसती भाजते आणि निकाल फसवा येतो.

निकालात फ्रॅग्रन्स मिक्स आणि दालचिनीचं द्रव्य, दोन्ही पॉझिटिव्ह. इतके महिने चाललं ते आताच का बाधलं, याचंही उत्तर मिळालं. अशी ॲलर्जी पुन्हा पुन्हा लावूनच तयार होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. ती उमटायलाही दोन-तीन दिवस लागतात. म्हणून 'कानामागे पंधरा मिनिटं लावून बघा' या सल्ल्याला अर्थ नाही. एखादं क्रीम तपासायचंच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून बघावं. पण कच्चा लसूण, लिंबाचा रस, खाण्याचा सोडा असल्या गोष्टी तपासतच बसू नका. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. त्यांनी इजा व्हायला ॲलर्जी असावीच लागत नाही.

निकालाबरोबर टाळायच्या गोष्टींची यादी मिळते, ती नीट वाचा. दालचिनीचा स्वाद टूथपेस्टमध्ये आणि च्युइंगगममध्येही असतो. मी टूथपेस्ट बदलली आणि ओठांच्या कडेची आग थांबली. त्या आगीचा या सगळ्याशी संबंध असेल असं तोवर मनातही आलं नव्हतं.